घरचा म्युझिक सर्व्हर, दोन शोधनिबंध आणि माझी ४८ किलोहर्ट्झची चूक

पीएचडीच्या मुलाखतीची तयारी करणारे बरेच जण मला एक प्रश्न विचारतात: "पॅनेलने एखादा पेपर पुढे ठेवला आणि 'यात काय कमी आहे ते सांगा' म्हटलं, तर बोलायचं काय?" प्रश्न रास्त आहे. एम.एस्सी.पर्यंत आपल्याला पेपर समजून घ्यायला शिकवतात, त्याच्याशी भांडायला शिकवत नाहीत. म्हणून आज दोन पेपर घेऊन बसू. विषय तुमच्या-माझ्या अभ्यासक्रमातला नाही, आणि ते एका अर्थी बरंच आहे. आपल्या विषयातल्या मोठ्या नावांसमोर आपण आधीच मान तुकवून बसतो. इथे तसं होणार नाही.

विषय माझ्या घरातून आला. गेल्या दिवाळीच्या सुट्टीत मी घरी म्युझिक सर्व्हर बनवला. नाव भारदस्त, वस्तू साधी. एक जुना लॅपटॉप, त्यावर लिनक्स, गाणी साठवायला हार्ड डिस्क, वाजवायला एमपीडी नावाचा मोफत प्रोग्रॅम आणि यूएसबीला जोडलेला डॅक. डॅक म्हणजे फाइलीतल्या आकड्यांचा विद्युत संदेश बनवणारी छोटी डबी. तिच्यापुढे ॲम्प्लिफायर आणि बाबांचे जुने स्पीकर. गाणं मोबाइलवरून निवडायचं. बाबांच्या दोनशेहून जास्त सीडी आहेत, बहुतेक ख्यालगायनाच्या. त्या एकेक करून फ्लॅक फाइलींमध्ये उतरवायच्या, असा बेत होता. फ्लॅकमध्ये फाइल लहान होते, पण उघडल्यावर मूळचा प्रत्येक बिट जसाच्या तसा परत मिळतो.

इथेच पहिला प्रश्न आला. सीडीवर दर सेकंदाला ४४,१०० नमुने असतात, प्रत्येक १६ बिटचा. हल्ली त्याच अल्बमच्या 'हाय-रेझ' आवृत्त्या विकत मिळतात: सेकंदाला ९६,००० नमुने, प्रत्येकी २४ बिट. तासाभराच्या स्टीरिओ ध्वनिमुद्रणाला न आवळता सीडीच्या दर्जात साधारण ६३५ एमबी लागतात, हाय-रेझला २ जीबीहून थोडं जास्त. जागा वाढते, पैसेही पुन्हा जातात. मग सीडीच उतरवून ठेवायच्या, की अल्बम पुन्हा विकत घ्यायचे?

थिअरीचं उत्तर सरळ आहे. नमुने ज्या दराने घेतले त्याच्या निम्म्यापर्यंतच्या कंपनसंख्या पुन्हा पूर्ण उभ्या करता येतात. सीडीसाठी ही मर्यादा २२.०५ किलोहर्ट्झ. तरुण, निरोगी कानाची मर्यादा साधारण २० किलोहर्ट्झ, आणि वयाबरोबर ती खाली येते. १६ बिटमुळे सर्वांत मोठ्या आवाजापासून गोंगाटाच्या तळापर्यंत सुमारे ९६ डेसिबलचं अंतर मिळतं. घरात ऐकायला एवढं पुष्कळ झालं. पण खरे फिल्टर आदर्श नसतात, खरे डॅकही नसतात. त्यामुळे "थिअरी म्हणते" एवढ्यावर प्रश्न मिटत नाही. माणसांना बसवून ऐकवावं लागतं. ते काम ज्यांनी केलं, त्यांचे हे दोन पेपर.

पेपर पहिला: मेयर आणि मोरन, २००७

'जर्नल ऑफ द ऑडिओ इंजिनिअरिंग सोसायटी'च्या सप्टेंबर २००७च्या अंकात ब्रॅड मेयर आणि डेव्हिड मोरन यांचा पेपर आला. कल्पना फार सुंदर आहे. एसएसीडी किंवा डीव्हीडी-ऑडिओ, म्हणजे त्या काळातल्या हाय-रेझ तबकड्या, वाजवायच्या. एका वाटेने आवाज सरळ पुढे जातो. दुसऱ्या वाटेने तोच आवाज १६ बिट, ४४.१ किलोहर्ट्झच्या अरुंद बोळातून काढून मग पुढे जातो. दोन्हींची पातळी जुळवलेली. आत्ता कोणती वाट चालू आहे हे ऐकणाऱ्याला माहीत नाही, चाचणी घेणाऱ्यालाही नाही. ऐकणाऱ्याने ओळखायचं. असे ५५४ प्रयत्न झाले, त्यांपैकी २७६ बरोबर आले. म्हणजे ४९.८ टक्के. नाणं उडवलं असतं तरी एवढंच आलं असतं.

आधी चांगलं ते सांगू, कारण टीका म्हणजे फक्त दोष काढणं नाही. दोन वेगळ्या तबकड्यांची तुलना न करता एकाच संदेशाच्या दोन वाटा त्यांनी केल्या. त्यामुळे 'या आवृत्तीचं मास्टरिंगच वेगळं आहे' ही पळवाट बंद झाली. ऐकणारेही कुणीही आणून बसवले नव्हते. त्यांत ध्वनिमुद्रणाचे व्यावसायिक होते, विद्यार्थी होते, हौशी दर्दी होते. काम वर्षभराहून जास्त चाललं, वेगवेगळ्या यंत्रणांवर. आणि आवाज फार मोठा केल्यावर सीडीच्या वाटेचा तळाचा गोंगाट ऐकू येतो, हेही त्यांनी लपवलं नाही.

आता कमी काय ते पाहू. पहिली गोष्ट: ज्या तबकड्या त्यांनी वाजवल्या, त्यांत २२ किलोहर्ट्झच्या वर खरोखर काही होतं का? 'हाय-रेझ' लिहिलेल्या सगळ्याच तबकड्यांचं मूळ ध्वनिमुद्रण हाय-रेझ नसतं. काहींचं जुन्या टेपवरून किंवा कमी दराच्या मास्टरवरून आलेलं असतं. पेपरवरची ही टीका नंतर बऱ्याच जणांनी केली आणि ती योग्य आहे. पाणी आधीच गाळलेलं असेल, तर गाळणीची परीक्षा कशी होणार?

दुसरी गोष्ट भाषेची. पेपर म्हणतो की ही वाट कुणालाही, कुठल्याही यंत्रणेवर ओळखता आली नाही. आकडा मात्र सगळ्यांचा मिळून आहे. 'सरासरी शून्य आली' आणि 'कुणालाच जमत नाही' ही दोन वेगळी विधानं आहेत. मुलाखतीत एवढं एक वाक्य सांगितलंत तरी पॅनेल पुढे सरकून बसेल.

पेपर दुसरा: रीस, २०१६

त्याच जर्नलमध्ये जून २०१६ला लंडनच्या क्वीन मेरी विद्यापीठातल्या जोशुआ रीस यांचा पेपर आला. हा नवा प्रयोग नव्हता, मेटा-ॲनालिसिस होतं. आधी झालेल्या प्रयोगांपैकी ज्यांचा पुरेसा डेटा मिळाला असे १८ त्यांनी एकत्र केले. ४००हून जास्त माणसं, १२,५००हून जास्त प्रयत्न. निकाल: बरोबर उत्तरं सुमारे ५२ टक्के. फरक लहान, पण संख्याशास्त्राच्या कसोटीवर टिकणारा. ज्या प्रयोगांत लोकांना आधी भरपूर सराव दिला होता, तिथे हे प्रमाण ६० टक्क्यांच्या आसपास गेलं.

इथेही आधी चांगलं. निकाल काही मोजक्या प्रयोगांवर तर लटकत नाही ना, हे त्यांनी प्रयोग बदलून, पद्धती बदलून तपासलं. सराव हा मुद्दा त्यांनी नेमका पकडला. आपण सगळे 'माणूस' नावाचं एकच उपकरण असल्यासारखं मोजतो. सराव झालेला कान आणि न झालेला कान ही दोन वेगळी उपकरणं आहेत.

आता त्रुटी. मेटा-ॲनालिसिस घटकांपेक्षा शुद्ध होऊ शकत नाही. त्या १८ प्रयोगांत पद्धती वेगळ्या, उपकरणं वेगळी, विचारलेले प्रश्नसुद्धा वेगळे. शिवाय कानापलीकडच्या कंपनसंख्या ॲम्प्लिफायर आणि स्पीकरमध्ये शिरल्या, की एकमेकींत मिसळून ऐकू येण्याजोगी विकृती तयार करू शकतात. तेव्हा माणसाने फरक ओळखला, तरी तो हाय-रेझचा गुण की ॲम्प्लिफायरचा दोष, हे ५२ टक्के सांगत नाहीत.

सर्वांत मोठा मुद्दा निष्कर्षाचा आहे. प्रयोगांनी मोजलं ते 'फरक ओळखता येतो का'. निष्कर्षात मात्र शब्द येतो 'फिडेलिटी', म्हणजे मुळाशी असलेला इमान. फरक ओळखणं वेगळं, आणि दोन्हींपैकी कोणता आवाज मुळाला जास्त धरून वाटतो हे वेगळं. मोजलेल्या गोष्टीकडून न मोजलेल्या गोष्टीकडे असा एका शब्दात पूल बांधला जातो. आपल्या विषयातल्या पेपरांतही हा पूल शोधा. तो बहुधा शेवटच्या परिच्छेदात असतो.

हे दोन पेपर एकमेकांविरुद्ध आहेत का?

इथे बरेच जण फसतात. एक म्हणतो 'फरक कळत नाही', दुसरा म्हणतो 'कळतो', मग एक खोटा असणार. वही काढा, गणित दोन ओळींचं आहे.

५५४ प्रयत्नांत प्रमाणाची स्टँडर्ड एरर म्हणजे ०.५ भागिले ५५४चं वर्गमूळ, सुमारे २.१ टक्के. म्हणजे ९५ टक्क्यांचा कॉन्फिडन्स इंटरव्हल साधारण ४५.७ ते ५४. रीस यांचे ५२ टक्के कुठे पडतात? बरोबर आत! मेयर-मोरन यांचा प्रयोग ५२ टक्क्यांना 'नाही' म्हणालाच नव्हता, कारण तसं म्हणण्याएवढी ताकद त्यात नव्हती. इतका बारीक फरक ८० टक्के खात्रीने पकडायचा तर चार ते पाच हजार प्रयत्न लागतात. मात्र सगळे ऐकणारे ६० टक्क्यांचे असते, तर तो फरक पकडायला ५५४ प्रयत्न भरपूर झाले असते. तेव्हा 'सरसकट सगळ्यांना ठळक फरक कळतो' हा दावा त्यांनी नक्कीच मोडला. आणि हो, रीस यांच्या १८ प्रयोगांत मेयर-मोरनही आहेत. (एकाच माणसाचे प्रयत्न एकमेकांपासून पूर्ण स्वतंत्र नसतात, म्हणून हे गणित ढोबळ धरा.)

मला वाटतं, या दोन पेपरांतून न्यायची गोष्ट ही: कुणी 'फरक आहे' म्हटलं, तर विचारा की फरक नसता तर हा प्रयोग तसं म्हणू शकला असता का. आणि कुणी 'फरक नाही' म्हटलं, तर विचारा की असता तर तो दिसला असता का. आपण पहिला प्रश्न न आवडणाऱ्या निकालाला विचारतो आणि दुसरा आवडणाऱ्या निकालाला विचारायचा विसरतो.

हे मी शहाणपणाने सांगत नाहीये. दोन्ही प्रश्न मी विचारले नव्हते.

माझी चूक

सर्व्हर चालू झाल्यावर मी बाबांच्या आवडीचा एक अल्बम हाय-रेझमध्ये विकत घेतला. सीडीवरून उतरवलेली फाइल आणि ही, आलटून पालटून लावल्या. फरक लगेच ऐकू आला. तानपुरा जास्त भरीव, गळा जास्त जवळ. मी बाबांना म्हटलं, "बाबा, सीडी नकोतच, सगळे यातच घेऊ." बाबा म्हणाले, "तुला ऐकू येतंय ना, मग घे." त्यांच्या पैशाने मी बारा अल्बम घेतले. एम.एस्सी.च्या दोन ज्युनिअरना तर मी यावर फोनवर अर्धा तास ऐकवलं.

तीन आठवड्यांनी वेगळंच काहीतरी शोधताना लिनक्समधली एक छोटी फाइल उघडली. डॅककडे या क्षणी प्रत्यक्ष कोणत्या दराने डेटा जातोय, ते तिच्यात लिहिलेलं असतं. तिथे आकडा होता ४८,०००. सीडीची फाइल लावली, ४८,०००. हाय-रेझ लावली, तरी ४८,०००. एमपीडी सरळ डॅकशी बोलतच नव्हता. मध्ये ऑपरेटिंग सिस्टिमचा मिक्सर बसला होता आणि तो येणारी प्रत्येक फाइल ४८ किलोहर्ट्झला बदलून पुढे देत होता. म्हणजे तीन आठवडे मी २४ किलोहर्ट्झच्या वरचं काहीही ऐकलं नव्हतं. ज्या फरकाचं मी कौतुक केलं, तो निदान मी सांगत होते त्या कारणाचा तरी नव्हता.

मग ऐकू काय येत होतं? दोन्ही फाइलींची पातळी मोजली. विकत घेतलेली सुमारे दीड डेसिबल मोठी निघाली. थोडा मोठा आवाज कानाला 'मोठा' वाटत नाही, 'चांगला' वाटतो. शिवाय कोणती फाइल महाग आहे हे मला माहीत होतं.

लक्षात आलं का? मेयर-मोरन यांच्यावर आपण वर जी टीका केली, तीच. तुलनेच्या दोन्ही बाजूंना खरोखर वेगळं काही आहे का, हे न तपासता तुलना. त्यांनी निदान पातळी जुळवली होती आणि उत्तर झाकलं होतं. मी तेवढंही केलं नव्हतं.

मग नीट केलं. एमपीडीला मिक्सर टाळून थेट डॅकशी जोडलं. एकच हाय-रेझ फाइल घेतली. तिच्यात २२ किलोहर्ट्झच्या वर काहीतरी आहे हे आधी स्पेक्ट्रममध्ये पाहिलं. तिची एक प्रत ४४.१/१६ला उतरवून पुन्हा ९६/२४ला चढवली. पुन्हा चढवणं गरजेचं, कारण दर बदलला की माझा डॅक 'टक्' असा आवाज करतो आणि तेवढ्यावरून उत्तर फुटतं. धाकट्या भावाने फाइलींची नावं झाकली, नाणं उडवून क्रम ठरवला. १६ वेळा ऐकलं. बरोबर आले ९.

तेव्हा हाय-रेझ थोतांड आहे, असं मी म्हणू का? नाही. नुसत्या अंदाजानेही १६ पैकी ९ किंवा जास्त येण्याची शक्यता ४० टक्के आहे, म्हणून 'मला कळतं' असं म्हणता येत नाही. पण १६ पैकी १२ची कसोटी ठेवली, तर ज्याला खरोखर ६० टक्के वेळा फरक कळतो तोही सहापैकी एकदाच ती पार करेल. माझा प्रयोग एवढाच सांगतो: तीन आठवडे जो 'लगेच ऐकू येणारा' फरक मी मिरवला, तो नाही. बारीक फरक असू शकेल. तो पकडायला माझे १६ प्रयत्न अपुरे आहेत.

हे प्रयोगशाळेत कुठे लागलं

एवढ्यावर थांबलं असतं तर ही गंमत म्हणून सांगितली असती. पण त्याच महिन्यात माझा प्रोग्रेस सेमिनार होता. दोन प्रकारच्या नमुन्यांच्या स्पेक्ट्रमची तुलना हा त्यातला मुख्य आलेख. त्यासाठी प्रत्येक स्पेक्ट्रमची बेसलाइन मी हाताने काढली होती. फाइलीच्या नावातच नमुना कोणता ते लिहिलेलं. म्हणजे कोणत्या बाजूला रुंद पीक 'यायला हवं', ते मला बेसलाइन ओढण्याआधीच ठाऊक होतं.

लॅबमधल्या मैत्रिणीला सगळ्या फाइलींची नावं बदलून द्यायला सांगितलं आणि बेसलाइन पुन्हा काढल्या. फरक राहिला, पण जवळजवळ निम्मा झाला. एरर बारसकट पाहिला तर मुख्य आलेख म्हणून दाखवण्यासारखा उरला नाही. सेमिनारच्या चार दिवस आधी मॅडमना हे सांगणं सोपं नव्हतं. त्या थोडा वेळ गप्प बसल्या, मग म्हणाल्या, "पेपर पाठवण्याआधी कळलं ना? मग बेसलाइन प्रोग्रॅमने काढ आणि नमुने वाढव." सेमिनारला मी तो आलेख दाखवला नाही. कमिटीने काम कमी झालंय असं म्हटलं, आणि ते खरंच होतं.

मग सर्व्हरचं काय ठरलं?

सीडी सीडीच्याच दर्जात, फ्लॅकमध्ये. उतरवताना चेकसम जुळतो का ते पाहायचं, कारण ओरखडा पडलेल्या सीडीमुळे जाणारा बिट खराच जातो. एमपीडी थेट डॅकशी. नवीन काही घेताना दर किती यापेक्षा मास्टरिंग कुणी आणि कसं केलंय ते पाहायचं. मेयर-मोरन यांनीही हेच नोंदवलंय: त्या हाय-रेझ तबकड्या एरवीच्या बहुतेक सीडींपेक्षा चांगल्या वाजत होत्या, पण त्याचं कारण बिट नव्हते, त्या जास्त मोकळीक आणि निगुतीने बनवल्या होत्या.

आणि बाबा? त्यांनी आजवर आवाजाबद्दल एकच तक्रार केली आहे. "विलंबित संपून द्रुत सुरू होताना मध्ये तुटतं." ते खरं होतं. काही सीडी मी कॉलेजात असताना एमपी३ करून ठेवल्या होत्या, आणि एमपी३मध्ये ट्रॅकच्या टोकांना थोडी शांतता चिकटते. ख्याल सलग गायलेला, पण सीडीवर त्याचे दोन ट्रॅक, म्हणून जोडावर खाच. याला ब्लाइंड टेस्ट लागत नाही. फाइल उघडली की रिकामी जागा डोळ्यांना दिसते. त्या सीडी पुन्हा उतरवल्या. ४८ किलोहर्ट्झच्या नादात मी ही खाच तीन आठवडे ऐकलीच नव्हती.

आता तुमचं काम. तुमच्या विषयातला, तुम्हाला मनापासून पटलेला एक पेपर घ्या. न पटलेला नको, तो सोपा असतो. त्याला तीन प्रश्न विचारा: तुलनेच्या दोन्ही बाजू खरोखर वेगळ्या आहेत हे तपासलंय का? निकाल उलटा असता तर तो या प्रयोगात दिसला असता का? निष्कर्षातला शब्द मोजलेल्या गोष्टीचाच आहे का? उत्तरं एका पानात लिहा आणि मला पाठवा. पुढच्या लेखात त्यांपैकी दोन-तीन घेऊन, किती प्रयत्न किंवा किती नमुने 'पुरेसे' हे आधीच कसं ठरवायचं, ते गणित करून बघू.